तण दाबायला लसूणघास की नेपियर?

भाऊ, रान गाजरगवताने भरलंय आणि दोन-तीन वर्षं चाऱ्यालाच सोडायचंय तर लसूणघास आणि नेपियर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) दोन्ही चालतात, सारख्या कापणीत गाजरगवताला बी धरायला वेळच मिळत नाही. लसूणघासाला सुरुवातीला खुरपणी लागतेच, पण एकदा बसला की 25-30 दिवसांनी कापायला येतो, जमिनीला नत्र देतो आणि मोडायलाही सोपा. फक्त बी नीट बघून घ्या, त्यातून अमरवेल (दुसऱ्या झाडावर जगणारं तण) आली तर तिचे पिवळे दोरे घासावर चढतात, तेवढा तुकडा फुलायच्या आत कापून जाळावाच लागतो. नेपियरची सावली दाट, लव्हाळ्यासारखं तणही दबतं (मरत नाही, जमिनीत गाठी राहतात), पण खत लय खातो आणि ठोंबं काढताना जीव जातो. पुढे गहू घ्यायचा तर घासच लावा, बांधाकडेला कायमचा चारा हवा तर नेपियर.