चालत गरवणाऱ्याने बसायला काय न्यावे?

माझ्या भाच्याने यंदा पहिल्यांदा स्वतःचा रॉड घेतला. राहतो गोव्यात, डिचोलीला. रविवारी स्कूटर काढून दिवाडी, चोडण, बोरी, जमेल तिथे गरवायला, म्हणजे गरी (गळ) टाकून मासे पकडायला जातो. परवा त्याचा फोन आला, "मामा, पाठ धरते रे. बसायला काय घेऊ? मोबाइलवर इतके प्रकार दिसतात की काही सुधरत नाही." फोनवर सांगितले ते अर्धवट राहिले, म्हणून आता नीट लिहितो. पावसाळ्याच्या तोंडाला हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, बाजारात ताजी मासळी कमी, आणि नदीकाठी गरी घेऊन बसणारे वाढतात.

आधी एक गोष्ट. एकाच जागी दिवसभर तळ ठोकणाऱ्याचे आसन वेगळे आणि काठाकाठाने फिरणाऱ्याचे वेगळे. गोव्यात आपण बहुतेक फिरतेच असतो. भरतीची ओहोटी व्हायला साधारण सव्वासहा तास लागतात, आणि तेवढ्या वेळात मासळी जागा बदलते. ओहोट लागून मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारे उघडली की खाजनातले, म्हणजे नदीकाठी बांध घातलेल्या सखल शेतातले पाणी बारीक कोळंबी घेऊन बाहेर पडते, त्या ओढीवर चोणक येते. पुढे पाणी मंदावले की पुलाच्या खांबांकडे सरकायचे, नाहीतर तिवरांच्या कडेने तांबसो शोधायचा. अर्ध्या दिवसात पाच-सहा जागा सहज होतात. म्हणजे आसन पाच-सहा वेळा मांडायचे, आवरायचे, उचलायचे. त्यावर प्रत्यक्ष बसणे त्यामानाने थोडेच. (मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. तिथे ज्याचा हक्क आहे त्याला विचारूनच गरी टाकावी.)

दुसरी गोष्ट जमीन. जाहिरातीतले स्टूल नेहमी गवतावर मांडलेले दिसते. आपल्याकडे एका सकाळीत खाजनाचा मातीचा बांध, जांभ्याचा खडबडीत चिरा, जेटीचे सिमेंट आणि शापोऱ्याच्या मुखाशी गेलात तर भुसभुशीत वाळू, असे सगळे भेटते. माझ्या मते आसन निवडताना ते किती मऊ आहे हे शेवटी बघावे. आसनाच्या बुडाखाली किती जमीन येते हे पहिले बघावे.

तिपाई

कॅनव्हासची त्रिकोणी बैठक आणि तीन पाय, मधोमध एका बोल्टवर फिरणारे. सगळ्यांत जास्त खपणारा प्रकार हाच. माझी भरते सुमारे पाऊण किलो, मिटली की छत्रीएवढी होते आणि रॉडच्या पिशवीला बांधता येते. उघडायला दोन सेकंद. तीन पाय असल्यामुळे उंचसखल चिऱ्यांवर डुगडुगत नाही, चार पायांचे स्टूल हमखास डुगडुगते. जेटीवर आणि जांभ्यावर हिच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

पण बांधावर तिचे खरे रूप कळते. हिशेब करून बघा. पायाच्या टोकाचे रबर दोन सेंटिमीटर व्यासाचे धरले तर एका पायाखाली जेमतेम तीन चौरस सेंटिमीटर जमीन येते. ७५ किलोचा माणूस बसला की तीन पायांवर मिळून दर चौरस सेंटिमीटरला आठ किलोच्या आसपास भार पडतो. पावसात भिजलेली खाजनाची माती तो कुठून सोसणार? पाय खाली जातो, आणि तिन्ही पाय सारखे जात नाहीत. एकच जातो.

चोडणच्या एका बांधावर मला हे पक्के कळले. जुलै होता, बांध वरून सुकल्यासारखा दिसत होता. मी तिपाई मांडली तेव्हा पलीकडे गरवणारे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "बाबू, थंय बसूं नाका, कुर्ल्यांचीं बिळां आसात." म्हणजे तिथे खेकड्यांची बिळे आहेत. मी दोन पावले सरकून बसलो, वाटले पुरे झाले. थोड्या वेळाने गरीला ओढ लागली, मी पुढे झुकलो तसा पुढचा पाय बिळावरच्या पापुद्र्यातून सरळ आत गेला, गुडघ्याएवढा. 'भस्स' असा आवाज आला आणि बिळातून गढूळ पाणी वर आले. मी आडवा, रीळ चिखलात, मासा गेला. ते गृहस्थ आपला रॉड टाकून मला उठवायला आले. बांधावर बसण्यापूर्वी टाचेने जमीन दाबून बघण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

उपाय आहे आणि तो फुकटात होतो. जुना टेनिस चेंडू घ्या, त्याला एक चीर द्या आणि पायाच्या टोकावर दाबून बसवा. चेंडूचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास असतो. मऊ मातीत तो अर्धा रुतला तरी आधार दसपटीने वाढतो. तीन चेंडू, दहा मिनिटांचे काम. तिपाई घेणार असाल तर चेंडूंसकटच घ्या, असे मी म्हणेन.

बालदी

ही माझी आवडती, आणि का ते सांगतो. वीस लिटरची झाकणाची बालदी. उंची चाळीस सेंटिमीटरच्या आत-बाहेर, वजन झाकणासह किलोभर. तिचे बूड साधारण २६ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे पाचशे चौरस सेंटिमीटरहून जास्त. तोच ७५ किलोचा माणूस तिच्यावर बसला तर दर चौरस सेंटिमीटरला दीडशे ग्रॅमसुद्धा येत नाहीत. तिपाई जिथे गुडघाभर जाते तिथे बालदी बोटभरही रुतत नाही. वाळूवर तेच, भिजलेल्या बांधावर तेच.

शिवाय ती रिकामी नसते. आमिषाचा डबा, शिसे, पाण्याची बाटली, टॉवेल, रेनकोट, सगळे आत. स्कूटरवर पायांच्या मधे अलगद बसते. जागा बदलायची झाली की झाकण लावा, कडी धरा, चला. मिटायचे, उलगडायचे काही नाही. फिरत्या माणसाला याहून जास्त काय हवे?

दोष दोन. एक, झाकण. ते माणूस बसण्यासाठी केलेले नसते. मधोमध भार पडला की लवते, आणि उन्हात वर्षभर राहिलेले प्लास्टिक एक दिवस तडकते. सुताराकडून १२ मिलिमीटरच्या प्लायवुडची गोल चकती कापून घ्या, झाकणावर टाका, भार कडेवर जातो. दोन, कडीची तार. भरलेली बालदी घेऊन अर्धा किलोमीटर चालल्यावर ती बोटे कापते. तिच्यावर जुन्या पाइपचा तुकडा चढवा किंवा सुती दोरी गुंडाळा. आणि रंगाची बालदी असेल तर तिच्यात खायची मासळी ठेवू नका, कितीही घासली तरी. लोणच्याच्या किंवा फरसाणाच्या दुकानातली मागा, सांगून ठेवले तर देतात.

चालणे मोठे असेल तर मात्र बालदी नको. अवजड नसली तरी आकाराने मोठी, आणि एक हात कायम तिच्यात अडकलेला. तिवरांतून वाट काढताना तो हात मोकळा असावा लागतो.

ओढून उंच होणारे गोल स्टूल

प्लास्टिकची कडी एकात एक बसतात, पिरगळले की जागच्या जागी अडकतात, दाबले की पोळीच्या डब्याच्या झाकणाएवढे चपटे होते. उंची हवी तशी ठेवता येते हा खरा गुण, गुडघे दुखणाऱ्याला फार उपयोगी. सिमेंटच्या जेटीवर, पुलाच्या पदपथावर उत्तम. पण वाळू आणि चिखल ही त्याची वैरी. कड्यांच्या खाचांत बारीक वाळू शिरली की ते धड उघडत नाही, धड मिटत नाही, आणि एखादे कडे अर्धवट अडकले असेल तर बसता क्षणी एक पायरी खाली येते. नदीकाठी मी ते सोडून दिले. घरी देवघरासमोर आईच्या उपयोगी पडते.

पाठीची घडीची खुर्ची

ॲल्युमिनियमच्या नळ्या, आत इलास्टिकची दोरी, नळ्या एकमेकींत बसवायच्या आणि वर कापड ताणायचे. चांगल्या कंपनीची किलोभराची असते आणि पिशवीत एक लिटरच्या बाटलीहून थोडी लांब होते. पाठ खरोखर टेकते. भाच्याची तक्रार पाठीची, म्हणून त्याचे मन याच खुर्चीवर आहे, आणि ते मला समजते.

तरी मी त्याला थांबवले. ही खुर्ची जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच, बैठक मागे कललेली. गरीला ओढ लागली की पहिल्या दोन सेकंदांत उभे राहायचे असते. खोलगट बैठकीतून माणूस आधी पुढे सरकतो, मग हातांवर जोर देतो, मग उठतो. हातात रॉड असताना जोर कशावर देणार? आणि भार मागच्या दोन पायांवर जास्त पडतो, तेही टोकाला बारीक. मऊ मातीत ती हळूहळू मागे झुकत जाते. बोरीच्या पुलाखाली किंवा एखाद्या जेटीवर दोन-दोन तास शेवटे या माशांची वाट बघत बसणाऱ्याने ती जरूर घ्यावी. दर अर्ध्या तासाला उठणाऱ्याची पाठ तिच्यामुळे बरी होत नाही, उलट दर वेळी उठताना कमरेला जास्त ताण बसतो.

हातांच्या खुर्च्या, परदेशी चित्रांत दिसणाऱ्या पाच-सात किलोच्या, त्यांचा विचारही करू नका. गाडी काठापर्यंत जाते तिथेच त्या चालतात, आणि खुर्चीचा हात रॉडच्या मुठीला आडवा येतो.

स्टूल जोडलेली पाठपिशवी

पिशवीच्या मागेच घडीचे स्टूल असते. दोन्ही हात मोकळे, सामान एकत्र, त्यामुळे लांब चालणाऱ्याला सोयीची. वजन दीड-दोन किलो. पण बसायचे झाले की आख्खी पिशवी पाठीवरून उतरवून ओल्या जमिनीवर टेकवायची, आणि बसल्यावर पिशवीतले काही हवे असेल तर पुन्हा उठायचे. पावसाळ्यात ती सुकायला दोन दिवस लागतात. कोरड्या महिन्यांत ठीक.

फोमचे बसकूर

याला कोणी आसन म्हणत नाही, पण मी बालदीइतकाच याच्यावर विसंबतो. व्यायामाची फोमची चटई कापून केलेला चौकोन, फूटभर लांब-रुंद. वजन शंभर ग्रॅमही नाही. आपल्या नद्यांच्या काठी बसायला जागा आधीच बांधलेली असते, हे आपण विसरतो. बांधावरचे जांभ्याचे चिरे, जेटीच्या पायऱ्या, पणजी ते रायबंदर हा १६३३-३४ मधला जुना सेतू, त्याच्या कडेचा दगड. फक्त जांभा एप्रिलच्या दुपारी चटका देतो, पावसात ओल धरून राहतो आणि त्याचे खडे मांड्यांना टोचतात. एवढ्या तिन्हींवर हे बसकूर उत्तर आहे. बालदीवर टाकले की बालदीची खुर्ची होते. पाण्यात पडले तर तरंगते.

खारे पाणी आणि मगर

मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत जाणवतो. उन्हाळ्यात जुन्या गोव्याच्या काठीही पाणी खारे असते. त्यामुळे आसनाचे लोखंड लवकर गंजते, आणि गंज दिसतो त्याच्या आधी आत लागलेला असतो. सगळ्यांत आधी जातो तो रिव्हेटचा सांधा, जिथे ॲल्युमिनियमच्या नळीत लोखंडी खिळा ठोकलेला असतो. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो. दुकानात जाताना खिशात लहानसे लोहचुंबक न्या. नळीला चिकटले तर ॲल्युमिनियम नव्हे. नळीला न चिकटता रिव्हेटला चिकटले तर दोन पावसाळ्यांवर धरू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचे, सांधे उघडे ठेवून सावलीत वाळवायचे. बालदीला यातले काहीच लागू नाही, कडीची तार सोडली तर.

आणि कुंभारजुव्याच्या कालव्यावर मगरी आहेत. तिथे आसन कुठलेही असो, पाण्याच्या कडेला बसायचे नाही. मागे, उंच बांधावर, आणि ज्यातून झटकन उठता येते अशाच आसनावर बसावे. घडीची खोल खुर्ची मी तिथे कोणाला मांडू देणार नाही. मासळी धुवायलाही खाली उतरू नये.

भाच्याला मी काय सांगितले

तो स्कूटरने जातो, फेरी पकडतो, मग बांधाने फार तर अर्धा किलोमीटर चालतो. त्याच्यासाठी बालदी आणि बसकूर. पाठ धरते ती बसकी बैठक आणि वाकून आमिष लावण्यामुळे, चाळीस सेंटिमीटर उंचीवर ताठ बसले आणि आमिष मांडीवरच्या फळीवर लावले की बराच फरक पडतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. पुढे तो सत्तरी तालुक्याकडे नदीच्या वरच्या अंगाला, दगडागोट्यांतून तासभर चालत जाऊ लागला, तर चेंडू लावलेली तिपाई घ्यावी. आणि माझ्या वयाला पोचला, एकाच जेटीवर सकाळ घालवू लागला, तर पाठीची खुर्ची, तेव्हा मी विरोध करणार नाही.

बालदी तयार आहे. लोणच्याची होती, तीन दिवस उन्हात ठेवून वास घालवला. प्लायवुडची चकती वार्निश लावून वाळत ठेवली आहे, कडीला सुती दोरी दुपदरी गुंडाळली आहे. शनिवारी तो न्यायला येईल. रविवारी सकाळी ओहोट साडेसातला लागते, दिवाडीला आम्ही दोघे जाणार आहोत.