सातवीच्या भूमितीसाठी उठावाची फळी : वर्षभर वापरून

आमच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीचा पट छत्तीस. त्यात एक मुलगी पूर्ण अंध. आठ-नऊ मुलं बंजारा तांड्यावरची, घरी गोरमाटी बोलणारी. तिघंजण दिवाळीच्या सुमाराला आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलला परत येतात. या सगळ्यांना मी गणित शिकवते. गेल्या जूनमध्ये त्या मुलीसाठी म्हणून उठावाच्या आकृत्या काढायची फळी मागवली. घेण्याआधी मराठीत कुणाचा अनुभव वाचायला मिळाला नव्हता, म्हणून सविस्तर लिहितेय.

वस्तू अगदी साधी. मोठ्या पाटीएवढी लाकडी फळी, तिच्यावर चिकटवलेलं रबर, कडेला दोन चिमटे आणि सोबत दुधी रंगाची पातळ प्लॅस्टिक शीटं. शीट चिमट्यात अडकवायचं आणि बॉलपेनने जरा दाबून रेघ मारायची. रेघ जागच्या जागी वर उठते, बोटाला लागते. पेनातली शाई संपली असली तरी चालतं. रबरावर साधा कागद ठेवून टोचलं तर उठाव मागच्या बाजूला येतो आणि आकृती उलटी होते, डावीकडचा कोन उजवीकडे जातो. या शीटवर तसं होत नाही, आणि पैसे द्यायचे ते यासाठीच.

तिच्याकडे ब्रेल पाटी आणि अंकगणितासाठीची टेलर फ्रेम आधीपासून होती. फ्रेमच्या अष्टकोनी भोकांत धातूचे खिळे फिरवून ती बेरीज-गुणाकार माझ्यापेक्षा झपाट्याने करते. अडत होतं ते भूमितीत. ‘तिला आकृत्या सोडून द्या, तोंडी व्याख्या घ्या’ असा सल्ला मला एकाहून अधिक वेळा मिळाला. तो मला पटला नाही. सातवीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘भौमितिक रचना’ आहे. वर्षाची सुरुवातच तिने हात बांधून बसून करायची का?

पहिला आठवडा मात्र वाया गेला, आणि त्यात फळीचा दोष नव्हता. मी खडू घेऊन सवयीने बोलत होते, ‘हे बघा, इथून असं आलो, हा कोन या कोनाएवढा.’ तिच्या पुढ्यात शीट होतं, पेन होतं, पण माझ्या बोलण्यात तिला धरायला काही नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या फिरत्या विशेष शिक्षकांनी तास मागे बसून ऐकला आणि एवढंच सांगितलं, ‘मॅडम, बोट न दाखवता शिकवून बघा.’ तेव्हापासून ‘हे’, ‘इथं’, ‘असं’ हे शब्द मी भूमितीच्या तासाला बंद केले. कोन बी दुभागा. दुभाजक एसी बाजूला जिथं छेदेल तिथं थांबा. प्रत्येक बिंदूचं नाव, प्रत्येक बाजूचं नाव. याचा उपयोग तांड्यावरच्या मुलांना सर्वांत जास्त झाला. दुभाजक, छेदणे, लंब हे शब्द त्यांच्या कानावर आता नीट पडत होते. आधी माझा हात फळ्यावर फिरायचा आणि शब्द राहून जायचा.

एक तास मी विसरणार नाही. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांचे दुभाजक एकाच बिंदूत मिळतात, हे काढून बघायचं होतं. मुलांच्या वह्यांत नेहमीप्रमाणे रेघा जराशा चुकल्या आणि मध्ये तांदळाएवढा त्रिकोण उरला. अशा वेळी मुलं पेन्सिलीने जाड ठिपका देऊन तो बुजवतात. तिने आपल्या शीटवर डाव्या हाताचं बोट तिन्ही रेघांवरून फिरवलं, मध्ये थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, माझं चुकलं. मधी जागा राहिली.’ पुसायची सोय नाही, म्हणून नवं शीट घेतलं. दुसऱ्या वेळी म्हणाली, ‘आता गाठ बसली.’ तिच्या जोडीला बसणारा मुलगा तोवर ठिपका देऊन मोकळा झाला होता. त्याने काही न बोलता पान उलटलं आणि पुन्हा काढायला घेतलं.

जोड्या मी बदलत राहते. डोळस मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचा खेळ मात्र मी करत नाही. त्यातून मुलांना फक्त कीव शिकायला मिळते. त्यापेक्षा एकाने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. मार्चमध्ये ऊसतोडीवरून परतलेल्या मुलाला हीच मुलगी आपली जुनी शीटं पुढे ठेवून राहिलेल्या रचना शिकवत होती.

आता खटकलेल्या गोष्टी. चिमटे सैल आहेत. दाबून वर्तुळ काढताना शीट सरकतं, मी कपड्यांचे दोन चिमटे जादा लावते. कंपासचं टोक रबरात घुसून शीट फाडतं, त्याऐवजी टाचणी, दोरा आणि पेन बरं पडतं. सोबतच्या पट्टीवर अर्ध्या सेंटिमीटरच्या खुणा बोटाला कळतात, मिलिमीटरच्या अजिबात नाहीत. त्यामुळे मोजमापं मी पूर्ण किंवा अर्ध्या सेंटिमीटरचीच देते. एप्रिलच्या उन्हात रबराची एक कड सुटली, सायकलवाल्याकडच्या सोल्यूशनने चिकटवली. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, ब्रेलमध्ये एक ओळ नाही. अंध मुलांसाठीच्या वस्तूत हे मला माफ करण्यासारखं वाटत नाही.

शीटं भराभर संपतात, फळीपेक्षा खर्च त्यांचाच. कच्च्या कामासाठी जुन्या एक्स-रे फिल्म वापरून बघितल्या. उठाव येतो, पण बोथट.

घ्यायचीच तर एक घेऊ नका, निदान दोन घ्या. एकच असली की ती ‘तिची फळी’ होते आणि कोपऱ्यात जाते. आमच्याकडची दुसरी माझ्या टेबलावर असते आणि अक्षर काढायला त्रास होणारा एक मुलगा हल्ली ती मागून नेतो. रेघ कुठं गेली ते त्याला हाताला कळतं म्हणे.

आठवीला ‘चौकोन : रचना व प्रकार’ हा धडा आहे. एक फळी तिच्याबरोबर वरच्या वर्गात जाईल. सातवीसाठी आणखी दोन फळ्या आणि शीटं आम्ही लोकवर्गणीतून मागवली आहेत.