रिव्ह्यू: मॅचनंतरची प्रेस कॉन्फरन्स, पाचपैकी साडेतीन

लोक हेडफोनचे, मिसळीचे, कुलरचे रिव्ह्यू टाकतात, म्हटलं आपण कित्येक वर्षं जी गोष्ट फुकटात वापरतोय तिचा टाकूया. मॅच संपल्यावर खेळाडूला माईकसमोर बसवतात ना, ती प्रेस कॉन्फरन्स. टेनिसच्या विम्बल्डन, फ्रेंच ओपन, युएस ओपन सगळ्यांच्या युट्यूब चॅनलवर पडते, पाच-दहा मिनिटांचा माल असतो, जेवण झाल्यावर फोनवर लावायचं. घरी यावरून बोलणी बसतात, मॅच संपली ना, मग आता हा बाबा नवीन काय सांगणारे? आणि खरंय, बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. तरी बघतो.

आता ही सर्व्हिस कुणी हौसेने देत नाही हे आधी लक्षात घ्या. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वात मोठ्या स्पर्धांच्या, नियमातच आहे की जिंका नाहीतर हरा, मॅचनंतर अर्ध्या तासात प्रेससमोर यायचं (वेळ वाढवून मिळू शकते), दुखापतीमुळे खरंच जमत नसेल तरच सूट, नाहीतर 20,000 डॉलरपर्यंत दंड. जपानच्या नाओमी ओसाकाने 2021 च्या फ्रेंच ओपनला आधीच सांगून टाकलं की मी येणार नाही, मनावर परिणाम होतो. पहिली मॅच जिंकली, प्रेसला गेली नाही, 15,000 डॉलर दंड, म्हणजे तेव्हाचे साधारण 11 लाख रुपये. तिला 11 लाखांचं काही नाही हो, पण चारही ग्रँड स्लॅमवाल्यांनी मिळून पत्रक काढलं की असंच चालू ठेवलंस तर स्पर्धेतून बाहेर काढू, पुढच्या स्पर्धांवरही बंदी येऊ शकते. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच नाव काढून घेतलं आणि लिहिलं की 2018 ची युएस ओपन जिंकल्यापासून डिप्रेशनशी झगडतेय. तेव्हा मी ग्रुपवर बरंच काही बोललेलो, कोट्यवधी कमावतात आणि दहा मिनिटं बोलता येत नाही वगैरे. ते पत्रक परत वाचलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. जगातली दोन नंबरची प्लेअर, आणि सुरुवात धमकीपासून.

आणि जबरदस्तीने बसवून मिळतं काय ते मार्शॉन लिंचने दाखवलंय. अमेरिकन फुटबॉलवाला, सिॲटलचा. मीडियाशी बोलत नाही म्हणून लीगने आधी एक लाख डॉलर उकळलेले, तर 2015 च्या सुपर बोलआधी (म्हणजे लीगच्या फायनलआधी) मीडिया डेला आला, बसला, आणि काहीही विचारा, एकच उत्तर, दंड होऊ नये म्हणून आलोय. एकोणतीस वेळा! पाच मिनिटंसुद्धा नाही झाली आणि उठून गेला. नियम पाळला की नाही, पाळला. शाळेत बाई हजेरी घेतात तसं, हजर म्हटलं की झालं, अभ्यास केलाय का ते कोण बघतंय.

मग साडेतीन स्टार कशाचे, तर ब्रिटनच्या टेनिसवाल्या अँडी मरेचे. 2017, विम्बल्डन क्वार्टर फायनल, सॅम क्वेरीकडून पाच सेटमध्ये हरला, कंबरेचं दुखणं इतकं की शेवटी नीट चालताही येत नव्हतं, अशा अवस्थेत प्रेसला आला. एकाने प्रश्न सुरू केला की 2009 नंतर ग्रँड स्लॅमच्या सेमीत जाणारा क्वेरी हा पहिला अमेरिकन प्लेअर, तर मरेने मधेच तोडून दोनच शब्द टाकले, पुरुष प्लेअर. कारण त्या मधल्या काळात अमेरिकेच्याच सेरेना विल्यम्सने डझनभर ग्रँड स्लॅम जिंकलेली! हे मरेने घरी बसून पोस्ट केलं असतं तर पीआर वाटलं असतं. हरलेला, दुखणारा, घरी जायची घाई असलेला माणूस पटकन बोलला म्हणून ते खरं वाटतं. आणि दंडाचा नियम नसता तर तो त्या दिवशी आला असता का? मला नाही वाटत.

आपला धोनी आठवा. 31 मार्च 2016, वानखेडे, वेस्ट इंडिजने टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या सेमी फायनलला आपले 192 चेस करून आपल्याला घरी पाठवलं, आणि प्रेसमध्ये एका ऑस्ट्रेलियन पत्रकाराने रिटायरमेंटचं विचारलं. धोनीने त्यालाच वर बोलावून शेजारी बसवलं, खांद्यावर हात टाकला, आणि उलट त्यालाच विचारायला लागला की मी धावताना अनफिट दिसतो का, 2019 चा वर्ल्ड कप खेळू शकेन का. त्या रात्री ढसाढसा रडायच्या बेतात होतो, ते बघून हसायला आलं. पुढे तो 2019 खेळलासुद्धा.

बाकी आपल्या क्रिकेटमध्ये गंमत उलटीच आहे राव. तिकडे बोलत नाही म्हणून दंड, इकडे बोर्डाच्या कॉन्ट्रॅक्टमुळे परवानगीशिवाय तोंड उघडायची सोय नाही. टीम धुतली गेली की त्या दिवशी बॅटिंग कोच नाहीतर बॉलिंग कोच पुढे, ज्याने शॉट मारून विकेट फेकली तो हॉटेलवर. पण डिसेंबर 2021 ला काय झालं बघा. कोहलीची वनडे कॅप्टन्सी गेली, तोपर्यंत बोर्डाचा तेव्हाचा अध्यक्ष गांगुली सांगत होता की आम्ही त्याला टी-ट्वेंटीची सोडू नको म्हणालेलो, आणि दौऱ्याआधीच्या प्रेसमध्ये कोहली म्हणाला की मला असं कुणी म्हणालंच नाही, वनडेचंही सिलेक्शन मीटिंगच्या दीड तास आधी कळवलं. खरं कोण ते सोडा, पण ती खुर्ची नसती तर आपल्याला एकच बाजू कळली असती, तीसुद्धा ऑफिसवाल्यांची.

गोल्फमध्ये पीजीएवाल्यांचा प्रेससमोर यायलाच हवं असा नियम नाही, तिथला नमुनाही बघून घ्या. 2025 च्या पीजीए चॅम्पियनशिपला रोरी मॅकिलरॉयचा ड्रायव्हर (लांब फटका मारायची काठी) तपासणीत नापास झाल्याची बातमी फुटली, आणि भाऊ स्पर्धेच्या चारही दिवसांत प्रेसशी बोललाच नाही. सगळीकडे खुसपुस. शेवटी जिंकला स्कॉटी शेफलर, त्याने प्रेसमध्ये बसून सरळ सांगितलं की माझाही नापास झाला होता. विषय तिथेच संपला! मॅकिलरॉयने दोन मिनिटं दिली असती तर त्याचाही संपला असता.

आता दीड स्टार का कापले. खेळाडूंमुळे नाही, प्रश्न विचारणाऱ्यांमुळे. 2015 च्या युएस ओपनला सेरेना स्वतःच्या बहिणीला हरवून रात्री साडेअकराला येऊन बसली तर प्रश्न काय, आज हसत का नाहीयेस. तिने सरळ सांगितलं, मला इथे बसायचंच नाहीये, झोपायचंय. नदालला 2019 मध्ये लंडनला हरल्यावर एकाने विचारलं की लग्नाचा खेळावर परिणाम झाला का, तो पंधरा वर्षं त्याच मुलीबरोबर होता हो! हरलेल्या माणसाला सर्वात जास्त ऐकू येतो तो प्रश्न म्हणजे आता कसं वाटतंय. कसं वाटणार? स्पर्धावाल्यांनी माणसाला जबरदस्तीने बसवायचं आणि मग पत्रकारांनी त्याला असं हाताळायचं.

तर माझ्यापुरतं, नियम ठेवा, काढला तर उद्या फक्त टीमने एडिट केलेले रील बघायला मिळतील आणि त्यात प्रश्न विचारणारा कुणी नसेल. पण हरलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा ना, काय बिघडतंय, आणि कुणी तब्येतीचं म्हणाला तर आधी डॉक्टर पाठवा, पत्रक नंतर काढा.

नवीन असाल तर मरेची क्लिप आधी शोधा. कॅमेऱ्यात त्याचा चेहरा बघा, भुवईसुद्धा हलत नाही.