रोज रात्रीचा क्लब की आठवड्यातून एक दिवस? नव्या बँडने रेसिडेन्सी घेण्याआधी

बँड उभा राहून सहा-आठ महिने झालेत, पंचवीसेक कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, बसलीत, ओरिजिनल, म्हणजे स्वतः लिहिलेली, तीन-चारच आहेत. अशात गोव्यातल्या एखाद्या हॉटेलातून सीझनभर रोज वाजवायची ऑफर येते आणि शहरातला एक पब दर गुरुवार द्यायला तयार होतो. असं एकाच जागी ठरवून नेमाने वाजवणं म्हणजेच रेसिडेन्सी. पैसे पाहिले तर गोवा. पण त्या स्टेजवर बँडचं काय होणार, हे आधी बघायला हवं. त्यासाठी साठच्या दशकातले तीन बँड शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला अर्थातच बीटल्स. ऑगस्ट १९६० मध्ये ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गला पोचले तेव्हा पीट बेस्टला ड्रमवर येऊन आठवडाही झाला नव्हता. ब्रुनो कोशमीडरच्या इंद्रा क्लबमध्ये रोज साडेचार तास वाजवायचं, शनिवार-रविवारी सहा. माणशी रोजचे ३० मार्क, आणि झोपायला बांबी सिनेमाच्या पडद्यामागची कोंदट खोली. आपल्या गावी लिव्हरपूलमध्ये तासाभराच्या सेटमध्ये ठरलेली हुकमी गाणी वाजवून भागत होतं, इथे ती पहिल्या तासातच संपायची. मग नवी बसवा, जुनी ताणा, एकाचा आवाज बसला की दुसऱ्याने गा. तिघं-चौघं गाणारे त्यातूनच तयार झाले. समोर खलाशी आणि दारू प्यायलेलं गिऱ्हाईक, मागून मालकाचा धोशा, ‘जोर दाखवा!’ त्या २७ डिसेंबरला लिव्हरपूलजवळच्या लिदरलँड टाउन हॉलमध्ये ते वाजवायला उभे राहिले तेव्हा नाचणारी पोरं नाचायचं सोडून स्टेजकडे धावली. पुढे ११ फेब्रुवारी १९६३ ला पहिल्या अल्बमची दहा गाणी त्यांनी एका दिवसात रेकॉर्ड केली. रोज रात्री तास-तास वाजवलेल्या बँडलाच हे जमतं, असं मला ठामपणे वाटतं.

पण याच हॅम्बुर्गची दुसरी बाजू कुणी फारशी सांगत नाही. १ जानेवारी १९६२ ला डेक्का या रेकॉर्ड कंपनीसमोर त्यांनी पंधरा गाणी वाजवली, त्यांतली स्वतःची फक्त तीन. कंपनीने नकार दिला. शेकडो तासांनी बँड टाइट होतो, पण गाणी लिहून मिळत नाहीत. शरीराची किंमत वेगळीच: जागं राहायला प्रेल्युडिनच्या गोळ्या चालायच्या. जॉर्ज हॅरिसन १७ वर्षांचा निघाला म्हणून त्याला जर्मनीतून परत पाठवलं.

रोलिंग स्टोन्सचं गणित अगदी वेगळं. १९६३ च्या सुरुवातीला लंडनजवळच्या रिचमंडमध्ये, स्टेशन हॉटेलात, जॉर्जियो गोमेल्स्कीच्या क्लबमध्ये त्यांना फक्त रविवार मिळाला. त्या काळात गायक मिक जॅगर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होता आणि ड्रमर चार्ली वॉट्स जाहिरातीच्या क्षेत्रात नोकरी करत होता. या क्लबात आठवड्यातून एकदाच वाजवायचं होतं, कॉलेज-नोकरी चालूच होती. दर रविवारी तीच पोरं येताना मित्रांना घेऊन यायची, गर्दी वाढत गेली. एप्रिलमध्ये बीटल्स स्वतः ऐकायला आले, मे महिन्यात डेक्काचा करार झाला. हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाला बँड कोणता याच्याशी देणंघेणं नव्हतं, रिचमंडची गर्दी याच बँडसाठी यायची. मात्र स्वतः लिहायची सवय स्टोन्सनाही क्लबने लावली नाही. त्यांचा पहिला सिंगल चक बेरीचं कव्हरच होता.

ती सवय रेसिडेन्सीतून लागू शकते हे डोअर्सकडे पाहून कळतं. १९६६ मध्ये लॉस एंजलिसच्या सनसेट स्ट्रिपवर आधी लंडन फॉग नावाच्या छोट्या, अर्ध्या रिकाम्या क्लबमध्ये आणि मग व्हिस्की अ गो गोमध्ये त्यांनी रात्रीमागून रात्र वाजवलं. रात्रीचा वेळ भरायचा म्हणून स्वतःचीच गाणी लांबवत गेले. ‘द एंड’ हे मुळात ताटातुटीचं छोटं गाणं, ते याच स्टेजवर वाढत अकरा मिनिटांच्या वर गेलं. ऑगस्टमध्ये त्याच गाण्यामुळे व्हिस्कीने त्यांना काढून टाकलं, पण तोवर गाणी तयार होती. इलेक्ट्रा कंपनीशी करार झाला आणि जानेवारी १९६७ मध्ये अल्बम बाजारात आला.

तुमचा ड्रमर नवा असेल, दोन गाण्यांच्या मधे कोण काय बोलणार हेही ठरलेलं नसेल, तर रोजची ऑफर घ्या. दोन-तीन महिने, त्यापुढे नको. ओरिजिनल जमू लागली असतील तर कमी पैशांत का होईना, गुरुवारचा पब. मधले सहा दिवस लिहायला मिळतात आणि पुढच्या गुरुवारी तेच श्रोते ते गाणं ऐकून तोंडावर सांगतात. हॉटेलात पर्यटक दर चार दिवसांनी बदलतो, त्याला ओळखीचीच गाणी हवी असतात.

रोजच्या ऑफरवर सही करण्याआधी मालकाला तीन गोष्टी विचारा. शेवटच्या सेटमध्ये आपली गाणी चालतील का? दुसरा बँड आलटून-पालटून वाजवणार आहे का? कोशमीडरच्याच दुसऱ्या क्लबमध्ये, कायझरकेलरमध्ये, रोरी स्टॉर्मच्या बँडसोबत पाळ्या लावल्या म्हणूनच बीटल्सची त्या बँडच्या ड्रमरशी, पुढे बीटल्समध्ये आलेल्या रिंगोशी, जवळीक झाली. आणि जवळपास दुसरीकडे वाजवायला बंदी आहे का? कोशमीडरच्या करारात तशी अट होती, आणि बीटल्सनी हॅम्बुर्गमधल्याच टॉप टेन क्लबकडे वळायचं ठरवताच त्याने त्यांना नोटीस दिली.