बारा आकडी कॅल्क्युलेटर, नौपाड्यातून घेतला, एकदम मस्त

गोखले रोडच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून घेतला, लेकीला आकड्यांचं भयंकर वेड आहे म्हणून. घेताना एकच बघा, आठ आकडी नको, बाराच घ्या, कारण खरी मजा तिथेच आहे. 142857 टाका आणि 2 ने गुणा, 285714 येतं, 3 ने 428571, असं 6 पर्यंत तेच सहा आकडे नुसते गोल फिरत राहतात, आणि 7 ने गुणलं की धाडकन 999999! 1 भागिले 7 केलं की पॉइंटनंतर परत हीच मंडळी हजर.

आता 142857 चा वर्ग करा, 20408122449 येतं. अकरा आकडे आहेत, आठ आकडीवर थेट एरर. याचे दोन तुकडे करा, 20408 आणि 122449, बेरीज करा... परत 142857!! लेक तर ओरडलीच. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात, आपले देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, आणि ते शिकले कुठे तर आपल्या ठाण्यातच शाळेत, हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत पाहिजे खरंतर.

डिस्प्ले मोठा आहे, आजोबांना पण चष्म्याशिवाय दिसतो. अधिकचं बटण जरा कडक आहे, जोर लावून दाबावं लागतं. सात आकडी संख्येचा वर्ग मात्र यावरही बसत नाही, त्याला कागद पेन्सिल घ्या. दुकानदार काकांनी सेल टाकून, चालवून दाखवून दिला. पाचपैकी साडेचार.