पूर्ण सिलिकॉनची फोली कॅथेटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांची लघवी अडायला लागली, तेव्हापासून घरात कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर काढणारी नळी आहे. आधी सिलिकॉनचा लेप दिलेली लॅटेक्सची पिवळसर नळी होती, आता बरेच महिने पूर्ण सिलिकॉनची पारदर्शक.

दोन्ही १६ नंबरच्याच. पण हा नंबर बाहेरच्या जाडीचा. तीनने भागलं की मिलिमीटर, म्हणजे साधारण ५.३. आतलं भोक केवढं, ते या नंबरवरून कळत नाही आणि फरक नेमका तिथे आहे. लॅटेक्सची भिंत जाड, सिलिकॉनची पातळ. नळी मूत्राशयात अडकून राहावी म्हणून टोकाशी फुगा असतो, त्यात पाणी भरायची बारीक वाटही त्याच भिंतीतून जाते. नळी बदलायला येणाऱ्या सिस्टरनी एकदा दोन्ही जुन्या नळ्या कापून शेजारी धरल्या. लॅटेक्सच्या भोकात पांढऱ्या, खरखरीत थरामुळे टाचणीपुरती वाट उरली होती. सिलिकॉनमध्येही थर होता, पण मधून उजेड दिसत होता.

मग २० नंबरच का घालू नये? गरज नाही. दिवसाला दीड लिटर लघवी धरली तरी मिनिटाला जेमतेम एक मिली होते, तेवढी १२ नंबरमधूनही आरामात उतरते. जाड नळी मूत्राशयाला टोचते, कळा येतात आणि लघवी नळीच्या बाजूने झिरपते. मोठं भोक हवं ते गाळासाठी. बाबांच्या लघवीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) प्रोटियस निघाला होता. हा जंतू युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि फॉस्फेटचे क्षार नळीच्या टोकाच्या छिद्रांवर आणि आतून बसत जातात. सिलिकॉनने हे थांबत नाही, फक्त नळी चोंदायला जास्त दिवस लागतात. म्हणून सिलिकॉनच्या नळीची १२ आठवड्यांची मुदत ऐकून निर्धास्त राहू नका. आमची त्याच्या बरीच आधी बदलावी लागते.

तोटेही आहेत. किंमत कितीतरी जास्त. नळी ताठ, त्यामुळे मांडीला नीट चिकटवली नाही तर ओढ बसते. फुग्यातलं पाणी हळूहळू झिरपून कमी होतं, ते सिस्टर अधूनमधून तपासतात. काढताना रिकाम्या फुग्याला सुरकुत्या पडतात, तेव्हा बाबा कण्हतात. लॅटेक्सच्या वेळी इतका त्रास नव्हता.

आणि महागातली नळी घेऊनही पिशवीकडे जाणारी ट्यूब पलंगाखाली झोल खात असेल तर पैसे पाण्यात. झोलात लघवी साठते, मूत्राशयाला ती पलीकडे ढकलावी लागते आणि थोडी मूत्राशयातच उरते. आम्ही ट्यूब चादरीला क्लिपने अडकवून सरळ उतरती ठेवतो. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला न टेकता.

पुढेही १६ नंबर, १० मिली फुग्याची सिलिकॉनचीच घेणार. युरोबॅग (लघवी साठायची पिशवी) मात्र साधीच, फक्त उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह आहे ना, एवढं बघून.