साम्राज्य पाडायचं तर पाण्यानं की मिठानं?

गेल्या महिन्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो असताना एका मैत्रिणीनं वही पुढे केली. तिची अद्भुतकथा तीन वर्षं चालू आहे. नकाशा झालाय, राजघराण्याच्या नऊ पिढ्या झाल्यात, सण आणि शिव्यासुद्धा ठरल्यात. अडलंय ते शेवटाशी. परचक्र येऊन साम्राज्य बुडालं असं तिला लिहायचं नाही. काहीतरी हळूहळू संपावं आणि त्याच्याबरोबर राज्य संपावं, एवढं तिचं पक्कं आहे. वहीत चार शब्द होते: पाणी, जमीन, जंगल, धातू. खाली वेगळ्या शाईत पाचवा: जादू. यातलं कुठलं घेऊ, हा तिचा प्रश्न.

सोबतच्या मंडळींचं मत पडलं की सगळ्यात थरारक असेल ते घे. मला ते पटलं नाही. काय संपतं यापेक्षा ते किती वर्षांत संपतं आणि कोणाच्या दारातून आधी जातं, यावर गोष्टीचा सांगाडा ठरतो. एका माणसाच्या हयातीत आटणाऱ्या गोष्टीची कथा वेगळी लिहावी लागते, पंचवीस-तीस पिढ्यांत झिजणाऱ्या गोष्टीची वेगळी. म्हणून पाणी आणि जमीन हे दोन पर्याय मी शेजारी-शेजारी ठेवून बघते आहे. माझ्या मते खरी निवड या दोघांतच आहे.

पाण्यासाठी ग्वाटेमालातलं टिकाल डोळ्यांसमोर आणा. माया लोकांच्या या शहराला नदी नव्हती आणि खालचा चुनखडीचा दगड पाणी धरत नाही. म्हणून त्यांनी चौक नि अंगणं चुन्याच्या गिलाव्यानं मढवली, त्यांना उतार दिला आणि पावसाचं पाणी तळ्यांत वळवलं. कोरडे महिने त्या साठ्यावर काढायचे. पावसाचं देवांशी जमवून आणणं ही राजाची जबाबदारी, त्यामुळे पाऊस चुकला की राजाचा शब्द चुकला. नवव्या शतकात दुष्काळ पुन्हापुन्हा पडले. टिकालमधला तारीख कोरलेला शेवटचा स्तंभ 869 सालचा आहे, आणि माया कालगणनेतली लांब तारीख (एका ठरावीक दिवसापासून सलग मोजलेली) असलेला, आजवर सापडलेला सगळ्यात अलीकडचा स्तंभ टोनिना या दुसऱ्या माया शहरातला, 909 चा. ज्या आजोबांनी नवा स्तंभ उभा राहताना पाहिला, त्यांच्या नातवाला तसं काही बघायलाच मिळालं नाही.

याहून मला हलवून गेली ती तळ्यांची गोष्ट. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टिकालच्या राजवाड्या-मंदिराजवळच्या तळ्यांच्या गाळात भरपूर पारा सापडला. राजघराणं लाल रंगासाठी हिंगूळ वापरायचं, आणि हिंगूळ हे पाऱ्याचं खनिज. भिंतींवरचा, थडग्यांवरचा रंग पावसाबरोबर तळ्यात उतरत राहिला. विषारी शेवाळाच्याही खुणा मिळाल्या. राजवाड्यापासून लांबची तळी मात्र बरीच स्वच्छ होती. म्हणजे वैभवाचा रंग ज्याच्या अंगणात, विष त्याच्याच घोटात. अद्भुतकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा तयार बीज कुठे मिळेल? एक गोष्ट विसरू नका: तिथली राजसत्ता संपली, माया लोक संपले नाहीत. आजही ते लाखोंनी आहेत, आपल्या भाषा बोलतात. तुमच्या कादंबरीतही राज्य पडल्यावर माणसं कुठेतरी जातात, काहीतरी पेरतात. त्यांच्यासाठी चार पानं राखून ठेवा.

पाणी गेल्यावर मागे काय उरतं, हे बघायला मुंबईत लांब जावं लागत नाही. धोबीतलावला तलाव नाही. सी. पी. टँकला टाकी नाही. गवालिया टँकच्या जागी मैदान आहे. 1860 मध्ये विहार तलावाचं काम पुरं होऊन नळाचं पाणी शहरात यायला लागलं आणि जुन्या तळ्यांचा आधार सुटत गेला; पुढे मलेरियाच्या भीतीनं कित्येक विहिरीही बुजवल्या गेल्या. इथे पाणी संपलं म्हणून तळी गेली असं नाही, दुरून दुसरं पाणी आलं म्हणून गेली. पण नावं राहिली. चर्चगेटजवळची 1725 ची भिखा बेहराम विहीर अजून गोड्या पाण्याची आहे आणि लोक तिथे हात जोडतात. तुमच्या जगात असं एक ठिकाण ठेवा, ज्याच्या नावात पाणी आहे आणि नाव घेणाऱ्या कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

आता ते दुरून आलेलं पाणी. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. मुंबईत आपण जूनमध्ये पेपरात तलावांची टक्केवारी बघतो, तिथे एप्रिलमध्येच विहिरीचा तळ दिसतो. पाण्यावर बेतलेल्या गोष्टीत हा क्रम चुकवू नका. टंचाई सगळ्यांना एकाच दिवशी गाठत नाही. राजधानीच्या कारंज्यांत पाणी उडत असतानाच सरहद्दीवरचं गाव उठलेलं असतं, आणि राजधानीतला माणूस त्या गावाला आळशी म्हणत असतो.

जमिनीची, म्हणजे तिच्यात साचणाऱ्या मिठाची, चाल याच्या उलट आहे. तिथे पाणी कमी पडत नाही, जास्त होतं.

दक्षिण मेसोपोटेमियात, आजच्या इराकच्या सपाटीवर, पाऊस जेमतेम. शेती पाटाच्या पाण्यावर. नदीच्या पाण्यात क्षार थोडेच असतात, पण ऊन पाणी उडवतं आणि क्षार मागे ठेवतं. निचरा नसेल तर जमिनीखालचं पाणी चढत येतं आणि मीठ मुळांपाशी आणून सोडतं. जुन्या शेतकऱ्यांना हे ठाऊक असावं, कारण ते एक वर्ष पेरून एक वर्ष रान पड ठेवत. पडीक रानातलं खोल मुळांचं तण खालची ओल शोषून घेई आणि पाणी खाली राही. संकट आलं ते जास्त पिकवण्याच्या दडपणातून. लगाश आणि उम्मा ही दोन नगरराज्यं सरहद्दीवरच्या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडली. अखेर लगाशच्या एन्टेमेना राजानं, इसवी सनापूर्वी 2400 च्या सुमारास, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून टायग्रिस नदीवरून स्वतंत्र कालवा आणला. पाण्याची ददात मिटली. जेकबसेन आणि ॲडम्स या अभ्यासकांनी 1958 मध्ये मांडलं की इथूनच खालचं पाणी वर यायला लागलं.

त्यांनी मंदिरांच्या धान्यनोंदींवरून आकडेही काढले: इसवी सनापूर्वी 2400 च्या सुमारास हेक्टरी 2,537 लिटर धान्य, 2100 मध्ये 1,460, आणि 1700 मध्ये 897. गहू मिठाला लवकर हार मानतो, बार्ली तग धरते, म्हणून गहू मागे पडत पडत त्या भागातून जवळपास गेला. या आकड्यांवर आणि अर्थावर नंतरच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत, तेव्हा इतिहास म्हणून जपून वापरा. गोष्टीसाठी मात्र ही उतरण अमोल आहे. मी वहीच्या कडेला हिशेब केला: सातशे वर्षं म्हणजे साधारण अठ्ठावीस पिढ्या, आणि दर पिढीला घट पडते शंभर पोत्यांमागे तीन-चार पोती. कोण ओरडणार तीन पोत्यांसाठी? बाप म्हणतो यंदा वारा वाईट होता. मुलगा म्हणतो आमच्याकडे एवढंच पिकतं.

पाणी आणि मीठ यांतला फरक मला इथे सापडतो. पाण्याच्या गोष्टीत आठवण जिवंत असते. म्हातारी सांगते, इथे मी पोहले आहे. तिच्या आठवणीला धरून राग उभा राहतो, बंड उभं राहतं, पाट अडवणारा सरदार खलनायक होतो. मिठाच्या गोष्टीत आठवण कागदावर असते आणि तो कागद कारकुनाच्या फडताळात पडलेला असतो. खलनायक मिळत नाही. पड ठेवायचं वर्ष रद्द करणारा मुकादम सापडतो, पण त्या वर्षी खरोखरच दुष्काळ होता आणि कोठार रिकामं होतं. त्याच्या जागी आपण असतो तर तेच केलं असतं.

दुसरा फरक दुरुस्तीचा. तळं एका चांगल्या पावसात भरतं, म्हणून पाण्याच्या गोष्टीत आशा शेवटच्या पानापर्यंत टिकते आणि वाचक आभाळाकडे बघत राहतो. खारावलेल्या रानाला एक पाऊस पुरत नाही. आपल्याकडे कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, शिरोळ-मिरज-वाळव्याकडे, क्षारपड आणि चोपण हे शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या तोंडी आहेत. तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून, पाण्याचा निचरा करून रान परत आणतात. पण खर्च मोठा आणि काम एकट्याचं नव्हे. शेजाऱ्यानं निचरा काढला नाही तर त्याचं पाणी तुमच्या बांधाखाली येतं. राज्य मजबूत असेल तरच हे होतं. साम्राज्य मोडकळीला येतं नेमकं तेव्हाच त्याला हे काम झेपेनासं होतं, आणि मला यात कुठल्याही लढाईपेक्षा जास्त शोकांतिका दिसते.

जंगलाबद्दल थोडक्यात, कारण इथे बहुतेक जण एकाच खड्ड्यात पडतात: मूर्ख लोकांनी शेवटचं झाड तोडलं आणि मग एकमेकांना खाल्लं. रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटाची, ही कथा वर्षानुवर्षं सांगितली गेली. ताडाची जंगलं तिथे गेली हे खरं. त्यात माणसांच्या कुऱ्हाडीबरोबर बिया कुरतडणाऱ्या उंदरांचाही वाटा होता. पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात, युरोपीय लोक 1722 मध्ये पोचण्याआधी लोकसंख्या कोसळल्याची खूण मिळाली नाही. खरा घात 1862 च्या सुमारास पेरूहून आलेल्या गुलामधाडींनी आणि रोगराईनं केला. 1877 मध्ये बेटावर 111 माणसं उरली होती. तिथल्या लोकांवर शतकभर मूर्खपणाचा शिक्का मारून झाल्यावर पुन्हा तीच गोष्ट वेगळ्या नावांनी लिहू नये, असं मला मनापासून वाटतं. जंगल घ्यायचंच असेल तर बंदर घ्या. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबानं सागवानाची जहाजं बांधली. 1817 चं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. त्या काळी ब्रिटिश आरमाराला साग हवा होता, म्हणून 1806 मध्येच मलबारच्या जंगलांवर खास अधिकारी नेमला गेला. झाड एका किनाऱ्यावर पडतं, जहाज दुसऱ्या किनाऱ्यावर उभं राहतं आणि लढाई तिसऱ्याच समुद्रात होते. गोदीतल्या सुताराला जंगल कधी दिसतच नाही.

धातू निवडणार असाल तर कथील निवडा. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. तांबं बऱ्याच ठिकाणी मिळतं, कथील मोजक्या. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला बुडालेल्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरच्या जहाजात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील होतं, कांशाला लागतं जवळपास त्याच प्रमाणात. पुढे शे-सव्वाशे वर्षांत सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितसारखी बंदरं जळाली आणि ते व्यापाराचं जाळं फाटलं. इथे खाण संपत नाही, वाट तुटते. एका राज्याची कथा असेल तर हे उपयोगाचं नाही. पाच-सहा राज्यं एकमेकांत गुंतलेली असतील तर सुरेख जमेल. आणि सुरुवात शस्त्रागारातून करू नका. कल्हई म्हणजे कथीलच. आमच्या चाळीत कल्हईवाला भाता लावून बसायचा, नवसागराचा धूर उठायचा आणि पितळेचं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं. तुमच्या जगात कथील येईनासं झालं, तर सेनापतीच्या आधी ते स्वयंपाकघरातल्या बाईला कळेल.

जादूला वेगळा पर्याय मानूच नये. ती वरच्यांपैकी एकीच्या चालीनं चालवावी लागते, नाहीतर लेखकाला हवी तेव्हा संपते आणि वाचकाला ते कळतं. साठा असेल, तर दरवर्षी भरतो की एकदाच मिळाला? वापरल्यावर मागे काय साचतं? मला मिठासारखी जादू सगळ्यात जास्त आवडेल. मंत्र चालतो, पीक येतं, आणि दर मंत्रामागे जमिनीत काहीतरी थोडंसं राहून जातं.

तर निवड. नायिका एकच असेल आणि तिच्या तारुण्यापासून म्हातारपणापर्यंतचा काळ असेल, तर पाणी घ्या. तुमच्याकडे नऊ पिढ्या आधीच असतील, तर पाण्यावर त्या वाया जातील, मीठ घ्या. हिशेब मात्र नीट करा. मेसोपोटेमियाच्या वेगानं नऊ पिढ्यांत पीक चौथा हिस्साच घटेल, तेवढ्यानं राज्य पडणार नाही. वेग दुपटीनं वाढवा आणि तो का वाढला याचं कारण एन्टेमेनाच्या कालव्यासारखं, अभिमानानं केलेलं काहीतरी असू द्या. लोकांनी त्याची गाणी म्हणावीत.

मैत्रिणीनं मीठ घेतलं. मी तिला म्हटलं, मे महिन्यात एकदा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं मुलुंड-भांडुपच्या बाजूनं जा आणि मिठागरांवर उन्हात मीठ धरताना बघ, म्हणजे तुझ्या शेतात ते कसं दिसेल ते कळेल. ती जाऊन आली. रात्री तिचा मेसेज आला की पहिलं प्रकरण बदललंय: आता ते राज्याभिषेकानं सुरू होत नाही. कोठाराचा एक तरुण लेखनिक पणजोबांच्या हातची धान्याची वही उघडतो, गव्हाच्या रकान्यातले आकडे बघतो आणि त्याला वाटतं, पणजोबांच्या हातून एक शून्य जास्त पडलं असावं.